एफ.वाय.च्या वर्गात बोलायचं कोणी?

एरिक मझूर १९८४ पासून हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत होते. पुढे डॉक्टर होऊ पाहणारी बरीच मुलं त्यांच्या वर्गात असत. शिकवणं नेटकं, फळ्यावरचं काम सुबक, आणि सत्राच्या शेवटी विद्यार्थी देत तो अभिप्रायही उत्तम. परीक्षेतली अवघड गणितं मुलं सोडवून दाखवत. तक्रारीला जागाच नव्हती.

१९९० मध्ये इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. विद्यापीठात भौतिकशास्त्राचं अख्खं सत्र शिकून झालं तरी बल आणि गती यांबद्दलच्या मुलांच्या मनातल्या कल्पना फारशा हलत नाहीत, असं त्यात चाचणी घेऊन दाखवलं होतं. आपली मुलं तशी नसणार, या खात्रीनं मझूर यांनी तशीच चाचणी स्वतःच्या वर्गाला दिली. तिच्यात आकडेमोड नव्हती, सूत्रं नव्हती; रोजच्या भाषेत विचारलेले साधे प्रश्न होते. चाचणी हातात पडल्यावर वर्गातून एक शंका आली. उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे द्यायची, की आम्ही एरवी विचार करतो त्याप्रमाणे?

निकाल पाहिल्यावर या शंकेचा अर्थ मझूर यांना कळला. परीक्षेसाठी एक भौतिकशास्त्र आणि रोजच्या वापरासाठी दुसरं, असे दोन कप्पे अनेक मुलांनी करून ठेवले होते. व्याख्यानांनी पहिला कप्पा भरला, दुसऱ्याला हातही लागला नव्हता.

ही गोष्ट हार्वर्डची आहे, म्हणून ती आपल्या कामाची. तिथे हुशारी, ग्रंथालय, प्रयोगशाळा, नावाजलेले प्राध्यापक, कशाचीच वानवा नव्हती. आपल्याकडच्या कोणत्याही स्टाफरूममध्ये एफ.वाय.चा विषय निघाला की तक्रारींचा क्रम ठरलेला असतो. मुलं प्रश्न विचारत नाहीत, वाचून येत नाहीत, ‘सर, हे परीक्षेला येणार का?’ यापलीकडे त्यांना काही पडलेलं नसतं. मग कारणं निघतात: मोबाइल, बारावीचे फुगलेले गुण, घरची परिस्थिती, इंग्रजीची भीती. या कारणांत तथ्य आहे; पण ही कारणं जिथे फारशी लागू नव्हती तिथेही मुलं ऐकून घेऊन घरी जातच होती. म्हणजे गोम आणखी कुठेतरी आहे.

या प्रकरणाचं म्हणणं एवढंच आहे, की सक्रिय असणं हा मुलांचा स्वभाव नसतो. तासाची मांडणी मुलांकडून जे मागते ते मुलं देतात. ती फक्त हजेरी आणि शांतता मागत असेल, तर हजेरी आणि शांतता मिळते.

बारा वर्षांची तालीम

जून-जुलैत महाविद्यालयाच्या फाटकातून आत येणारं मूल कोरं नसतं. दहावी-बारावीत त्यानं एक कसब कमावलेलं असतं. कोणत्या धड्याला किती गुण, कोणता प्रश्न गेल्या वर्षी आला म्हणून यंदा येणार नाही, उत्तरात कोणते शब्द अधोरेखित केले म्हणजे तपासणाऱ्याचं काम सोपं होतं, हे त्याला पाठ असतं. अपेक्षित प्रश्नसंच, आदर्श उत्तरं, क्लासच्या छापील नोट्स यांतून ते हेच शिकलं. उत्तर कुठेतरी तयार असतं, ते मिळवायचं आणि वेळेवर कागदावर उतरवायचं. या खेळात ते जिंकलं, म्हणून तर त्याला प्रवेश मिळाला.

अशा मुलाला पहिल्याच आठवड्यात ‘आता स्वतः विचार करा’ म्हणून सांगितलं तर ते गोंधळणारच. ज्या सवयीनं यश दिलं ती सोडायला कोण तयार होईल? त्यात बारावीच्या धावपळीनंतर ‘एफ.वाय.ला जरा आराम’ ही घरात आणि कट्ट्यावर रूढ झालेली समजूत. वर्गात शंभर-सव्वाशे अनोळखी चेहरे. हाक रोल नंबरानं. उत्तर चुकलं तर हसं होणार, आणि गप्प बसल्याची शिक्षा काहीच नाही. या परिस्थितीत शेवटच्या बाकावर गप्प बसणं हा आळस म्हणता येणार नाही. तो त्या मुलाचा अगदी व्यवहारी निर्णय आहे.

म्हणून उपदेशानं काम भागत नाही. गप्प बसणं अवघड होईल आणि बोलणं निर्धोक वाटेल अशी तासाची रचना करावी लागते. ती पहिल्या काही आठवड्यांतच करावी लागते, कारण वर्गाला एकदा वळण लागलं की वर्षभर ते मोडत नाही.

ट्रक आणि कार

मझूर यांनी काय केलं? एकदा एक प्रश्न समजावताना त्यांनी दोनदा वेगवेगळ्या रीतीनं स्पष्टीकरण दिलं, तरी चेहरे कोरेच. शेवटी त्यांनी मुलांना सांगितलं, आपसांत बोला. वर्गात एकच कल्लोळ झाला आणि दोन-तीन मिनिटांत मुलांनी उत्तर काढलं. नुकतंच कळलेल्या मुलाला न कळलेल्याची अडचण नेमकी कुठे आहे ते आठवत असतं; वीस वर्षांपूर्वी कळलेल्या प्राध्यापकाला ते आठवत नाही. यातून त्यांनी जी पद्धत बसवली ती ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ म्हणून ओळखली जाते. १९९७ मध्ये त्यांनी तिच्यावर पुस्तकही लिहिलं.

ही पद्धत एफ.वाय. बी.एस्सी.च्या वर्गात कशी दिसेल ते पाहू. न्यूटनचा तिसरा नियम दहा मिनिटांत सांगून झाला आहे. फळ्यावर प्रश्न येतो: भरलेला ट्रक आणि छोटी कार समोरासमोर धडकले. कोणी कोणावर जास्त बल लावलं? एक, ट्रकनं कारवर. दोन, कारनं ट्रकवर. तीन, दोघांनी सारखंच.

मिनिटभर कोणी बोलायचं नाही. प्रत्येकानं वहीत आपलं उत्तर लिहायचं, मग छातीपाशी तितकी बोटं धरायची, म्हणजे शेजाऱ्याला दिसणार नाहीत आणि शिक्षकांना दिसतील. महागडी यंत्रं लागत नाहीत. समोर एकेका बोटाचं रान दिसतं. ‘क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध असतात’ हे वाक्य यातल्या बहुतेकांना झोपेतही म्हणता येतं, आणि तरीही उत्तर ‘ट्रक’.

आता शिक्षकांनी उत्तर सांगायचं नाही. वेगळं उत्तर असलेला शेजारी शोधा आणि त्याला पटवा, एवढंच सांगायचं. मग बाकांवर असं काही ऐकू येतं:

‘अगं, तिसरा नियम आहे ना, सारखंच असणार.’

‘मग चुराडा कारचाच का होतो?’

‘होतो खरा... थांब. बल सारखं, पण कारचं वस्तुमान कमी. म्हणजे त्वरण जास्त.’

‘म्हणजे बल सारखं, परिणाम वेगळा?’

हा शेवटचा प्रश्न म्हणजेच त्या तासाचं फळ. बल आणि बलाचा परिणाम या दोन गोष्टी त्या मुलीच्या डोक्यात आतापर्यंत एकच होत्या. त्या आत्ता वेगळ्या झाल्या. हे विधान शिक्षकांनी फळ्यावर लिहून दिलं असतं तर तिनं ते उतरवून घेतलं असतं, आणि चाचणीत पुन्हा ‘ट्रक’ लिहिलं असतं.

दोन-तीन मिनिटांनी पुन्हा बोटं वर. बरोबर उत्तरं वाढलेली असतात. मग शिक्षक बोलतात, आणि आता वर्ग कान देऊन ऐकतो, कारण प्रत्येकानं एका उत्तरावर आपला शब्द दिलेला असतो. प्रश्नाची निवड मात्र बेताची हवी. पहिल्या फेरीत साधारण तीस ते सत्तर टक्के मुलांची उत्तरं बरोबर आली तर चर्चेला रंग चढतो. जवळपास सगळ्यांनाच येत असेल तर पुढे जावं, जवळपास कोणालाच येत नसेल तर पुन्हा समजावावं.

यावर एक आक्षेप हमखास येतो: हुशार मुलगा सांगतो आणि बाकीचे मान डोलावतात, यात शिकणं कुठलं? कोलोरॅडो विद्यापीठात जनुकशास्त्राच्या वर्गात हे तपासलं गेलं. त्याचा अहवाल २००९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा नवा प्रश्न प्रत्येकानं एकट्यानं सोडवायचा होता. ज्या गटांत सुरुवातीला एकालाही बरोबर उत्तर येत नव्हतं, त्या गटांतली मुलंही चर्चेनंतर सुधारली. कोणी तरी सांगितलं म्हणून कळलं, एवढाच हा मामला नव्हता. आपलं म्हणणं शब्दांत मांडताना त्यातली भेग स्वतःलाच दिसते.

चर्चा मराठीत, पुस्तक इंग्रजीत

महाराष्ट्रातल्या एफ.वाय.च्या वर्गात या तीन मिनिटांचा आणखी एक फायदा आहे, आणि तो हार्वर्डमध्ये कोणाच्या डोक्यात आला नसेल. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली पुष्कळ मुलं विज्ञान-वाणिज्याकडे वळली की त्यांना ‘बल’चा ‘फोर्स’ आणि ‘घसारा’चं ‘डेप्रिसिएशन’ करून घ्यावं लागतं. विषय कळत नाही की भाषा, हेच त्यांना उमगत नाही. भर वर्गात इंग्रजीतून शंका विचारायची तर शंकेआधी व्याकरण आडवं येतं.

शेजारणीशी बोलताना हा अडथळा उरत नाही. ‘अगं, डेप्रिसिएशन म्हणजे पैसे खरंच कुठे जातात का?’ हा प्रश्न प्राध्यापकांना इंग्रजीत विचारणं कठीण; बाकावर तो सहज निघतो. त्याचं उत्तर शोधताना मुलीला कळतं, की घसारा म्हणजे तिजोरीतून बाहेर गेलेली रोकड नव्हे. यंत्राची किंमत त्याच्या आयुष्यभरात वर्षावर्षानं खर्चात टाकण्याची ती रीत आहे. समजून घेण्याची भाषा मराठी आणि उत्तर लिहिण्याची इंग्रजी, अशी वाटणी मोकळेपणानं मान्य केली तर मागच्या बाकांवरचे आवाज ऐकू येऊ लागतात. ‘ओन्ली इंग्लिश इन द क्लास’ असा फलक लावणाऱ्यांनी याचा विचार करावा.

एकट्यानं अभ्यास करणाऱ्यांचं काय होतं

वर्गाबाहेरची गोष्ट अमेरिकेतल्याच बर्कलीची. १९७०च्या दशकात उरी ट्राइसमन तिथे गणित शिकवत होते. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर मागे पडत. कारणं सहकाऱ्यांना विचारली तर तयारी कच्ची, घरची गरिबी, पालकांचं लक्ष नाही, जिद्द नाही, अशी यादी मिळाली. ती खरी धरून न बसता त्यांनी विसेक कृष्णवर्णीय आणि तितकेच चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ते अभ्यास करतात तरी कसा हे जवळून पाहिलं.

कृष्णवर्णीय मुलं कष्टात कमी नव्हती, पण खोलीचं दार लावून एकटी अभ्यास करत. गणित अडलं की ते आपल्यालाच येत नाही अशी समजूत करून घेत, आणि मदत मागणं कमीपणाचं मानत. चिनी मुलंही एकट्यानं अभ्यास करत, पण नंतर एकत्र जमत. खाता-खाता उत्तरं ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत. एखादं गणित कोणालाच सुटलं नाही की त्यांना कळे, गणितच अवघड आहे, दोष आपला नाही.

ट्राइसमन यांनी मग जे केलं त्यात खरी मेख आहे. त्यांनी ‘कच्च्या मुलांसाठी जादा तास’ उघडले नाहीत. निवडक विद्यार्थ्यांसाठी विशेष कार्यशाळा म्हणून निमंत्रण दिलं, नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली आणि ती गटानं सोडवायला लावली. त्या मुलांचे निकाल ठळकपणे सुधारले, आणि पुढे अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी हा नमुना उचलला.

आपल्याकडे ‘स्लो लर्नर’ अशी नोंदवही ठेवून, यादी सूचनाफलकावर लावून उपचारात्मक वर्ग घेतले जातात. त्या यादीत नाव आलेल्या मुलीला पहिला धडा मिळतो तो ती कच्ची असल्याचा. घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या मुलांना तर ‘इथे आपण चुकून आलो’ असं आधीच वाटत असतं. त्यांना सोपं काम देऊन वेगळं बसवण्यापेक्षा अवघड काम देऊन चौघांत बसवलेलं अधिक उपयोगी, असं बर्कलीचा अनुभव सांगतो. वसतिगृहाचा हॉल, ग्रंथालयाची एक खोली, आठवड्यातले दोन तास आणि एस.वाय.-टी.वाय.चा एक विद्यार्थी, एवढ्यावर हे जमतं.

चौदा वाचनं आणि तीन वाचनं

गट उठला की प्रत्येकजण पुन्हा आपल्या वहीपाशी येतो. तिथे बहुतेक मुलं काय करतात? वाचतात, पिवळ्या-गुलाबी मार्करनं रेघा ओढतात, पुन्हा वाचतात. २००६ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी ही सवय तपासली. विद्यार्थ्यांना लहानसा उतारा दिला. एका गटानं चार सत्रांत तो सरासरी चौदा वेळा वाचला. दुसऱ्या गटानं एकाच सत्रात साडेतीनेक वेळा वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न पाहता आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहिलं.

पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्यानं चित्र पालटलं. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं, लिहिणाऱ्यांकडे ६१. आठवड्यानंतर आपल्याला किती आठवेल याचा अंदाजही मुलांना आधी विचारला होता. सर्वांत जास्त भरवसा वाटत होता तो चौदा वेळा वाचणाऱ्यांना.

परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून वेळ मारून नेता येते आणि पुढच्या सत्रात मागचं काहीच का आठवत नाही, याचा उलगडा या आकड्यांत आहे. शिक्षकांना यातून एक सोपी गोष्ट करता येते. तास सुरू होताना पाच मिनिटं वह्या मिटवायच्या आणि मागच्या तासाला काय झालं ते कोऱ्या पानावर लिहायला सांगायचं. गुण द्यायचे नाहीत, पान गोळाही करायचं नाही. लिहून झाल्यावर प्रत्येकानं वही उघडून राहिलेलं वेगळ्या शाईत भरायचं. वेगळ्या शाईचा मजकूर म्हणजे त्या आठवड्याचा अभ्यास. ‘काय वाचू?’ या प्रश्नाचं उत्तर मुलाला स्वतःच्याच पानावर मिळतं.

कष्ट झाले म्हणजे कळलं नाही?

हे सगळं वाचून उत्साहानं वर्गात गेलेल्या शिक्षकांची पहिल्या महिन्यात निराशा होते. मुलंच कुरकुरतात. ‘सर, तुम्हीच शिकवा ना, त्यात जास्त कळतं.’ एखादे पालकही विचारतात, शिकवायचं तुमचं काम, मग मुलंच मुलांना का शिकवतायत?

लुई देलोरिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हार्वर्डच्याच भौतिकशास्त्राच्या वर्गांत ही कुरकुर तपासली. मुलांचे दोन गट केले. एका गटाला कसलेल्या वक्त्याचं ओघवतं व्याख्यान, दुसऱ्याला तोच मजकूर आणि तीच टिपणं, पण प्रश्न गटांत बसून आधी स्वतः सोडवायचे. पुढच्या विषयाला गटांची अदलाबदल. चाचणीत स्वतः सोडवणारी मुलं सरस ठरली. किती शिकलात असं वाटतं, या प्रश्नाला मात्र व्याख्यान ऐकणाऱ्यांनी जास्त शिकल्याचं सांगितलं. मैफलीत पुढे बसून एखाद्या गायकाची अवघड तान ऐकताना ती आपल्यालाही घेता येईल असं वाटतं, आणि घरी गळा साथ देत नाही. इथेही तेच घडलं. ओघ वक्त्याचा होता, मुलांना तो आपला वाटला.

या संशोधकांनी एक उपायही करून पाहिला. सत्राच्या सुरुवातीलाच हे निष्कर्ष मुलांसमोर मांडले: अडखळायला होईल, कमी शिकतोय असं वाटेल, आणि चाचणीत नेमकं उलट दिसेल. एवढं सांगितल्यावर सत्राअखेर बहुसंख्य मुलांचं या पद्धतीबद्दलचं मत सुधारलेलं होतं. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ‘दीक्षारंभ’ हा परिचय-कार्यक्रम सुचवला आहे. भाषणं, नियमावली आणि परिसराची फेरी यांच्या जोडीला त्यात अर्धा तास या एका गोष्टीसाठी काढायला काहीच हरकत नाही. नुसतं सांगण्यापेक्षा करून दाखवावं: एकच उतारा निम्म्या वर्गाला पुन्हा पुन्हा वाचायला द्यावा, निम्म्यांना न पाहता लिहायला, आणि आठवड्यानं दोघांची चाचणी घ्यावी. स्वतःच्या वर्गाचा आकडा मुलं विसरत नाहीत.

एवढ्या खटाटोपातून निष्पन्न काय होतं, हे विचारणं रास्त आहे. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या अभ्यासक्रमांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी ३४ टक्के विद्यार्थी नापास होत, मुलांना काम करायला लावणाऱ्या वर्गांत २२ टक्के. शंभर मुलांच्या तुकडीत हा बारा जणांचा फरक झाला. पहिल्याच वर्षी एटीकेटी लागून हळूहळू महाविद्यालयात येणंच सोडणारी मुलं पाहिलेल्यांना या बारांचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

शेवटी प्रश्न प्रश्नपत्रिकेचा

वर्गात कितीही चर्चा घडवली आणि परीक्षेत ‘न्यूटनचा तिसरा नियम लिहा’ एवढंच विचारलं, तर मुलं चर्चा सोडतील आणि नियम पाठ करतील. ते बरोबरच करतील, कारण कशाला किंमत आहे हे त्यांना प्रश्नपत्रिका सांगते, शिक्षकांचं भाषण सांगत नाही. विद्यापीठाची लेखी परीक्षा एका शिक्षकाच्या हातात नसते. अंतर्गत मूल्यमापन बऱ्याच अंशी असतं. आज त्याचं रूप बहुतेक ठिकाणी इंटरनेटवरून उतरवलेली असाइनमेंट आणि एकमेकांचं पाहून पूर्ण केलेलं जर्नल असं आहे.

तिथे दोन टप्प्यांची चाचणी घेऊन पाहावी. काही विद्यापीठांत ती रुळली आहे. आधी प्रत्येकानं एकट्यानं सोडवून पेपर द्यायचा. लगेच चौघांच्या गटानं तीच प्रश्नपत्रिका चर्चा करून पुन्हा सोडवायची. गुणांचा मोठा वाटा एकट्याच्या पेपरला, लहान वाटा गटाच्या. ‘तुला काय आलं?’ हा प्रश्न एरवी परीक्षेनंतर जिन्यात विचारला जातो आणि तिथेच विरतो; इथे त्याला गुण मिळतात, आणि चूक कुठे झाली हे चाचणीच्या दिवशीच कळतं. ट्रक आणि कारचा प्रश्न अशा चाचणीत घालावा, आणि उत्तराबरोबर ‘मग कारच का चेपते?’ याचंही कारण विचारावं. पहिल्या अंतर्गत चाचणीत असा एक जरी प्रश्न आला, तरी दुसऱ्या दिवसापासून वर्गात काय करायला हवं हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.